उरलेल्या कामांची यादी

संगणकावर आपण पत्र लिहितो, चित्रे पाहतो, गुणपत्रके तयार करतो. त्यासाठी लागणाऱ्या आज्ञावल्या सगळीच कामे स्वतः करत नाहीत. फाईल उघडणे, अक्षरांची नक्कल करणे, वेळ विचारणे, दुसऱ्या संगणकाचा पत्ता शोधणे ही रोजची कामे त्या एका सामायिक संग्रहाकडे सोपवतात. या संग्रहाला सिस्टिम लायब्ररी म्हणतात. लिनक्सवर चालणाऱ्या बहुतेक सर्व्हरांमध्ये हे काम ग्नू सी लायब्ररी करते. रोलंड मॅकग्रा यांनी १९८७ च्या उन्हाळ्यात ती लिहायला घेतली, तेव्हा ते विशीच्या आतले होते. आजही वर्षातून दोनदा तिची नवी आवृत्ती निघते.

येथे आम्ही या लायब्ररीची नव्हे, तर तिच्या उरलेल्या कामांच्या यादीची समीक्षा करणार आहोत. सापडलेल्या चुका, मागितलेल्या सोयी, अर्धवट राहिलेल्या सुधारणा असे सारे या यादीत असते. अशा यादीची समीक्षा कशाला, असे कोणी विचारील. आमच्या मते एखाद्या कामाची प्रकृती त्याच्या जाहिरातीपेक्षा त्याच्या उरलेल्या कामांतून अधिक कळते.

आधी गुण पाहू. ही यादी सर्वांसाठी खुली आहे. प्रत्येक नोंदीला क्रमांक आहे आणि खाली त्यावरची चर्चा आहे. काम झाले तरी नोंद पुसली जात नाही. जुनी झाली म्हणून नोंद आपोआप रद्द करण्याचा मोह अनेकांना होतो, कारण यादी लहान दिसते. पण त्याने चूक नाहीशी होत नाही, फक्त दिसेनाशी होते. एक उदाहरण घेऊ. एकाच आज्ञावलीत अनेक कामे बरोबरीने चालू असतात, त्यांना थ्रेड म्हणतात. लिनक्सने थ्रेडला दिलेला क्रमांक थेट विचारता यावा, अशी मागणी या यादीत २००८ साली नोंदली गेली. ती पूर्ण झाली २०१९ मध्ये. अकरा वर्षे हा काळ फारच मोठा आहे, पण नोंद उघडी राहिली म्हणूनच नव्या माणसांना जुना युक्तिवाद वाचून पुढे जाता आले.

आता दोष. पहिला दोष असा, की यादीतल्या नोंदी एकाखाली एक येतात, पण त्यांचे वजन सारखे नसते. नावावरून संगणकाचा पत्ता शोधणाऱ्या एका भागात २००० सालापासून एक चूक होती. लागणारी जागा मोजताना एका पॉइंटरपुरती जागा धरायची राहून गेली होती. त्यामुळे चार किंवा आठ बाइट हद्दीबाहेर लिहिले जाऊ शकत. मे २०१३ मध्ये ही चूक दुरुस्त झाली, परंतु साधी चूक म्हणून. तिच्यातून परक्याला संगणकात शिरकाव मिळू शकतो, हे कोणी नोंदले नाही. दीर्घकाळ टिकावे म्हणून बांधलेल्या लिनक्स प्रणाली प्रामुख्याने सुरक्षिततेच्या आणि फार महत्त्वाच्या दुरुस्त्याच उचलतात. त्यामुळे त्यांपैकी अनेकांनी ही दुरुस्ती घेतली नाही. जानेवारी २०१५ मध्ये क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी धोका दाखवून दिला, तेव्हा उपाय वीस महिने तयार होता आणि असंख्य सर्व्हर मात्र उघडेच होते. काम झाले होते. त्याचे महत्त्व लिहिण्याचे राहिले होते. आता चुकांच्या नोंदी सुरक्षिततेच्या दृष्टीने तपासून तशी खूण करण्याची पद्धत आहे. ही सुधारणा योग्यच आहे.

दुसरा दोष नकाराचा. अक्षरमालेची नक्कल करताना जागेची मर्यादा पाळणारी एक सोय ओपनबीएसडी या प्रणालीत १९९८ साली आली. २००० मध्ये ती या लायब्ररीसाठी सुचवण्यात आली. तेव्हाचे प्रमुख उल्रिख ड्रेपर यांनी ती तिखट शब्दांत नाकारली. या नकारामागे विचार होता. मजकूर मावला नाही तर ही सोय तो गुपचूप कापते आणि एक चूक दुसऱ्या चुकीखाली झाकली जाऊ शकते. शिवाय एकदा आत घेतलेली सोय पुढे काढता येत नाही, कारण तिच्यावर विसंबलेल्या जुन्या आज्ञावल्या बंद पडतील. तेव्हा ‘नाही’ म्हणणे हेही देखभालीचेच काम आहे. पण नकारातला तिखटपणा लोकांच्या लक्षात राहिला, कारण मागे पडले. प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला. दरम्यान अनेक आज्ञावल्यांनी आपापली प्रत बाळगली. अखेर ऑगस्ट २०२३ च्या आवृत्तीत ही सोय आली. नकारासोबत ‘कोणत्या परिस्थितीत फेरविचार करू’ एवढे एक वाक्य असते, तर बराच वाद वाचला असता.

थोडक्यात, ही यादी स्मरणशक्तीत उत्तम आणि विवेकात कमी पडलेली आहे. ‘काय’ आणि ‘केव्हा’ ती चोख सांगते. ‘किती महत्त्वाचे’ आणि ‘का नाही’ हे सांगण्यात ती अनेकदा मागे राहिली. यात माणसांच्या तुटवड्याचाही भाग आहे. नोंद करणारे पुष्कळ, पण ती वाचून, तपासून, वजन ठरवणारे मोजके. हे काम कोणाच्या नावावर लागत नाही, म्हणून ते सर्वांत शेवटी होते.

शिक्षकांना हे परके वाटू नये. वर्गात उत्तर न मिळालेल्या प्रश्नांची वही अनेक जण ठेवतात. तारे का लुकलुकतात, हा प्रश्न तीत महिनाभर राहिला तरी चालेल. पण त्याच्याच खाली ‘आपल्या शाळेच्या नळाच्या पाण्याला वास का येतो?’ असे कोणी लिहिले असेल, तर त्याने आपल्या क्रमांकाची वाट पाहत राहता कामा नये. आणि एखादा प्रश्न बाजूला ठेवायचाच असेल, तर साधन नाही म्हणून, आपल्याला माहीत नाही म्हणून, की प्रश्नच नीट मांडला नाही म्हणून, हे त्याच ओळीत लिहावे. विचारणाऱ्या मुलाला ते वाचता आले पाहिजे.