औंढ्याचा सांधा

औंढा नागनाथाचे पांढरे शिखर लांबूनच दिसते आणि भाविकाचे हात आपसूक जुळतात. पण हिंगोली जिल्ह्यातल्या या ज्योतिर्लिंगाचे देऊळ पाहायचे तर नजर आधी पायापाशी न्यावी. यादवकाळातले कसबी हात तिथे आहेत.

देवळाचा तलविन्यास तारकाकृती आहे. भिंत सरळ अशी जातच नाही. कोन पुढे येतो, लगेच खाच आत वळते, की पुन्हा कोन. त्यामुळे एका अंगावर ऊन आणि शेजारीच गडद सावली, असा खेळ दगडावर दिवसभर चालतो. खाली गजथर, नरथर. त्यांच्या वर देवदेवता आणि सुरसुंदरी. एका मूर्तीसमोर उभे राहावे तर पुढची कोनाआडून अर्धीच दिसते आणि पाऊल आपोआप पुढे पडते. प्रदक्षिणा घालायला इथे शिल्पेच लावतात.

मग एका उंचीवर कोरीव काम एकाएकी थांबते. वर विटा, चुना, गिलावा आणि रंग. मूळ शिखर औरंगजेबाच्या स्वारीत पाडले गेले आणि पुढे अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केला, असे सांगतात. जाणकार या जोडकामाला नाक मुरडतात. मला मात्र तो सांधाच देवळातली सर्वांत बोलकी जागा वाटते. यादवांचे पाथरवट चुन्याशिवाय, दगडावर दगड अचूक बसवून भिंत उभारत. वरच्या गवंड्यांचे सारे काम चुन्यावर. त्यांनी खालच्या शिल्पांची नक्कल केली नाही. आपल्याला येत होते ते केले आणि पूजा चालू ठेवली.

लिंग जमिनीखाली आहे. अरुंद वाटेने, अंग चोरून एकेकाने उतरायचे; खाली छत इतके ठेंगणे की मान आपोआप लवते. ट्युनिशियातल्या बुल्ला रेजिया या नुमिडियन राजांच्या आणि पुढे रोमनांच्या नगरातही धनिकांनी घरांचा एक मजला जमिनीखाली बांधला होता. उन्हाच्या काहिलीपासून सुटका हा त्यांचा हिशोब. तिथल्या अँफिट्राइटीच्या घरातली मोझेकची फरशी आजही जागच्या जागी आहे. मात्र घरात राहणारे कोणी नाही. औंढ्याला बरेच काही पडले, पण वर्दळ थांबली नाही.

नंदी देवळाच्या मागे आहे. मागे पिटाळलेल्या नामदेवांचे कीर्तन ऐकायला देऊळच फिरले, अशी कथा. नामदेवांचे नरसी याच जिल्ह्यातले आणि त्यांना विसोबा खेचर भेटले तेही औंढ्यालाच, अशी परंपरा. मांडणीतली विसंगती लोकांनी अशी भक्तीच्या खाती जमा केली.

म्हणून औंढ्याला ‘खालचे अस्सल, वरचे उपरे’ असा निवाडा करू नये. शिल्पकलेचे पूर्ण गुण खालच्या दगडाला द्यावेत. देऊळ नांदते ठेवल्याचे श्रेय मात्र वरच्या चुन्याचे.