हिरव्या भिंतीवरचा उजेड

घरात गडद हिरवा रंग लावायचा म्हटलं की पहिली शंका ठरलेली: खोली अंधारी होईल. या शंकेचं फार देखणं उत्तर लंडनमध्ये आहे. साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, डिझायनर विल्यम मॉरिसच्या कंपनीने १८६६ ते १८६८ या काळात एक भोजनकक्ष सजवला. त्याचं नावच ‘ग्रीन डायनिंग रूम’. खोली सार्वजनिक, पण तिच्यातली समज घरगुती आहे. आजही लोक तिथे बसून चहा घेतात, आणि हा रंग खरा कळतो तो असा निवांत बसल्यावरच.

आधी भिंतीचा वरचा भाग बघावा. दुरून तो सलग हिरवा वाटतो, किंचित निळसर. जवळ गेलं की लक्षात येतं, ही भिंत सपाट नाहीच. वास्तुकार फिलिप वेबने गिलाव्यातच ऑलिव्हच्या डहाळ्या हलक्या उठावात घडवल्या आहेत. पानं हिरवी, मागची जमीनही हिरवी. तरी पानाच्या कडेवर उजेड अडतो, पानाखाली बारीकशी सावली साचते, आणि एका हिरव्याचे कितीतरी हिरवे होतात. खिडकीजवळची पानं राखाडीकडे झुकतात, कोपऱ्यातली जवळजवळ काळी होतात. सपाट भिंतीवर गडद रंग उजेड गिळून बसतो. इथे तो पानापानावर थोडा थोडा परत मिळतो. खोलीभर रंग एवढा गडद असूनही छाती दडपत नाही, ती या उठावामुळे. मला तर या खोलीतली सगळ्यात मोठी कलाकृती हा गिलावाच वाटतो.

त्या काळात हिरवा म्हटलं की झगझगीत हिरवा. शेले या रसायनतज्ज्ञाने १७७५ मध्ये शोधलेला आर्सेनिकयुक्त हिरवा, आणि त्यानंतर आलेला त्याचा आणखी तेजस्वी भाऊबंद, घराघरांतल्या वॉलपेपरवर पसरले होते. मॉरिसच्या सुरुवातीच्या वॉलपेपरमध्येही आर्सेनिक सापडलं आहे. या भिंतीवर मात्र झगमगाटाचा मोह कुठेच नाही. हिरव्यातला तोरा काढून घेतला, पण जीव ठेवला. हे प्रमाण साधणं फार अवघड.

आता नजर खाली आणावी. खालच्या अर्ध्या भिंतीला लाकडी पॅनेल आहेत, तीही गडद हिरवी. त्यांच्या वरच्या ओळीत सोनेरी जमिनीवर फळाफुलांच्या डहाळ्या आणि मधूनमधून चित्रकार एडवर्ड बर्न-जोन्सच्या आकृत्या. सोनं कुठे ठेवलंय ते बघा: दोन हिरव्यांच्या मधोमध, सलग पट्टा म्हणून नाही तर चौकटी-चौकटींतून. सगळी भिंत सोनेरी केली असती तर तो दरबार झाला असता. इथे सोनं मोजून वाढलंय, आणि म्हणूनच गोड लागतं.

छताखालच्या पट्टीत शिकारी कुत्रे सशांमागे धावतात. जेवणाऱ्याने मान वर केली तरच दिसावी अशी ही गंमत. छतावर पिवळसर नक्षी, आणि खिडक्यांत रंगीत आकृत्यांभोवती फिकट काच. उजेड आत येण्याची वाट कुठे अडवलेली नाही. भिंतीच्या गडदपणाचं देणं छताने आणि काचेने असं चोख फेडलंय.

हे संग्रहालय गॅसच्या दिव्यांवर संध्याकाळीही उघडं असे. पिवळ्या उजेडात निळसर हिरव्यातला थंडपणा उतरतो, तो उबदार होतो. शिवाय उजेड मंदावला की आपला डोळा निळ्या-हिरव्याला अधिक दाद देऊ लागतो. लाल आधी काळवंडतो, हिरवा तग धरतो. या परिणामाला शास्त्रज्ञ पुर्किंजेचं नाव आहे. संध्याकाळच्या जेवणाच्या खोलीला हिरवा शोभतो, त्यामागे डोळ्याचा हा स्वभावही आहे.

आपल्या घरी वेबचा गिलावा कुठून आणणार? पण त्याची युक्ती आणता येते. गडद हिरव्या भिंतीसमोर पुस्तकांची मांडणी, कुंड्यांतली पानं, जाळीदार पडदा असं काहीतरी असावं, म्हणजे तिच्यावर सावल्या हलत्या राहतात. बल्ब पिवळसर, २७०० केल्विनच्या आसपासचा घ्यावा; पांढऱ्याफटक ट्यूबखाली हाच रंग दवाखान्याचा वाटतो. पितळेचं एखादं भांडं पुरे, दहा नकोत. चकाकणारा रंग टाळून मॅट घ्यावा, कारण चकाकीत पुट्टीचा प्रत्येक उंचवटा उघडा पडतो. आणि रंगाऱ्याला घाई करू देऊ नये. गडद छटांच्या बेसमध्ये पांढरं रंगद्रव्य कमी असतं, त्यामुळे दोन हातांत खालची भिंत झाकेलच असं नाही. खाली करडा प्रायमर मारून वर तिसरा हात पडला की हिरव्याला खोली येते. वाळल्यावर तळहात फिरवून बघावा: चांगल्या कारागिराच्या भिंतीवर सांधा कुठे हाताला लागत नाही, आणि नजरेलाही नाही.