सेंट पॉल कॉलेज: कमानीमागं काय होतं?

बेळगावहून फोंड्यामार्गे जुन्या गोव्यात शिरलं की मोठी चर्च लागायच्या आधी रस्त्याकडेला एकटी दगडी कमान दिसते. मागं भिंत नाही, छप्पर नाही. आपल्यापैकी बरेच जण तिथं दोन मिनिटं उतरतात, फोटो काढतात आणि पुढं जातात. मग त्या फोटोखाली ठरलेली ओळ येते: ‘आशियातला पहिला छापखाना, १५५६.’ सहलीची पत्रकं, स्मरणिका, हौशी लेख, सगळीकडं हेच. सेंट पॉल कॉलेजबद्दल आपल्या मंडळींनी लिहिलेलं जे हाताला लागलं ते मी वाचत आलोय. हा लेख त्या लिखाणाबद्दल आहे. त्यात खोटं फार नाही, पण मुख्य गोष्ट सुटलीय, असं माझं म्हणणं आहे.

आधी किरकोळ दुरुस्त्या उरकतो.

एक, ‘आशियातला’ हे चूक. चीन आणि कोरियात छपाई त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून होती. ‘भारतातला पहिला’ म्हणा, तेवढं पुरेसं आहे. दोन, ही कमान कॉलेज सुरू झालं तेव्हाची नाही. पहिलं चर्च २५ जानेवारी १५४३ रोजी, संत पॉलच्या परिवर्तनाच्या सणादिवशी अर्पण झालं. पुढं तिथं मोठं चर्च बांधलं, त्याचं काम १५६० ला सुरू होऊन १५७२ ला पुरं झालं. आज उभी आहे ती त्या दुसऱ्या चर्चची दर्शनी बाजू. तीन, खास बेळगावकरांसाठी. कॅम्पातली सेंट पॉल शाळा १८५६ ची. छापखान्यानंतर बरोबर ३०० वर्षं, म्हणून दोन्ही एका माळेत ओवायचा मोह होतो. पण पोर्तुगीज मुलखातून जेज्विटांना १७५९ मध्येच हाकललं होतं. नाव तेच असलं तरी गोव्यातल्या कॉलेजपासून इथपर्यंत सलग परंपरा लावता येत नाही.

आता मुख्य मुद्दा.

माझं आयुष्य उद्यमबागेतल्या मशीन शॉपमध्ये गेलं. तिथं एक सवय लागते. जॉब चांगला दिसतो म्हणून पास करायचा नाही, आधी ड्रॉइंग बघायचं. संस्थेचा इतिहास लिहितानाही हेच करावं. संस्था कशासाठी काढली होती, ते ड्रॉइंग. प्रत्यक्षात काय झालं, तो जॉब. आपले लेख जॉबचं कौतुक करतात, ड्रॉइंग कुणी उघडतच नाही.

ड्रॉइंग असं होतं. १५४१ मध्ये गोव्याचे व्हिकार जनरल मिगेल वाझ आणि धर्मोपदेशक दियोगु द बोर्बा यांनी ‘सांता फे’, म्हणजे पवित्र श्रद्धा, या नावाचं मंडळ काढलं. पूर्वेकडच्या वेगवेगळ्या मुलखांतली नवख्रिस्ती मुलं गोळा करायची, शिकवायची आणि त्यांनी आपापल्या लोकांत, आपापल्या भाषेत धर्म सांगायचा, हा हेतू. म्हणजे हे घर मुळात इथल्या मुलांसाठी होतं, पोर्तुगीज पोरांसाठी नव्हे. मे १५४२ मध्ये फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरले तेव्हा बांधकाम चालू होतं. त्यांनी पत्रात या चर्चची तुलना पॅरिसच्या सोर्बनमधल्या चर्चशी केली आणि हे त्याहून मोठं असल्याचं कळवलं. इमारत मोठी, मुलं थोडी, अशी सुरुवात.

पैसा कुठून आला, हेही ड्रॉइंगवरच लिहिलेलं आहे. तिसवाडीतली देवळं पाडल्यावर देवळांच्या जमिनींचं उत्पन्न या कामाकडं वळवलं गेलं. गौरवपर लेखांत हे वाक्य सापडत नाही. उलट, चिडून लिहिलेल्या लेखांत याशिवाय दुसरं काहीच सापडत नाही. दोघांचंही माझ्या मते अर्धंच बरोबर आहे. पैसा गावांच्या देवांचा होता, आणि त्यावर शिकणारी मुलंही याच भागातली आणि आजूबाजूच्या मुलखांतली होती. ही दोन्ही वाक्यं एकाच परिच्छेदात लिहिता आली पाहिजेत. ती शेजारी ठेवली की पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो: निदान त्या मुलांना तरी कॉलेज मिळालं का?

त्याचं उत्तर १५४८ ते १५५२ या चार वर्षांत आहे, आणि नेमकी हीच वर्षं आपल्या लेखांतून गायब असतात. १५४८ मध्ये अंतोनियु गोमिश हे नवे रेक्टर आले. हुशार, फर्डे वक्ते, युरोपातल्या कॉलेजांचा नमुना डोक्यात घेऊन आलेले. त्यांनी इथल्या मुलांना बाहेर काढलं आणि जागा पोर्तुगीजांना दिली. संस्था ज्यांच्यासाठी होती तेच दाराबाहेर. झेवियर तेव्हा जपानकडं होते. १५५२ च्या सुरुवातीला ते परतले आणि त्यांनी गोमिशना पदावरून काढून दीवला धाडलं. गास्पार बार्झेउश नवे रेक्टर झाले. मुलं पुन्हा आत आली. त्याच वर्षाच्या अखेरीस झेवियर चीनच्या किनाऱ्याजवळ वारले.

कॉलेजची खरी कसोटी इथं लागली, असं मी मानतो. कारण भांडण तत्त्वाचं होतं: ही शाळा कुणाची? झेवियरनी निर्णय दिला, पण तो अर्धाच टिकला. मुलं आत राहिली, तरी पुढं कॉलेज वाढत गेलं ते मुख्यतः युरोपीयांच्या गरजेनं. याचा पुरावा एका आकड्यात आहे. सोळाव्या शतकात जेज्विट संघात पुरोहितपदापर्यंत पोचलेला भारतीय एकच, कोल्लमचे पेरु लुईश. १५६१ मध्ये त्यांना संघात घेतलं, १५७५ मध्ये दीक्षा मिळाली. इथल्या मुलांसाठी काढलेल्या संस्थेच्या काळातला हा हिशोब आहे.

आता छापखाना. ६ सप्टेंबर १५५६ रोजी तो गोव्यात उतरला. पण तो गोव्यासाठी नव्हता, इथियोपियाला चालला होता. तिथं जायची वाट अडली आणि यंत्र इथंच राहिलं. जुआन द बुस्तामांते या बंधूंनी ते कॉलेजात बसवलं. त्यांच्या हाताखाली युरोपात छपाई शिकून आलेला एक भारतीय कारागीर होता. बुस्तामांतेंचं नाव प्रत्येक लेखात येतं, त्या कारागिराचा उल्लेखही येत नाही. आमच्या फाउंड्रीतही असंच असतं म्हणा. पाटीवर मालकाचं नाव, साचा भरणारा कोण ते कुणाला ठाऊक नसतं. पण इतिहास लिहिणाऱ्यानं तरी त्याला एक ओळ द्यावी.

यंत्र आलं, पण आपली लिपी त्यावर चढली नाही. तमिळ खिळे जुवांव गोन्साल्विश यांनी १५७७ मध्ये गोव्यात पाडले, मराठी-कोकणीचे मात्र झाले नाहीत. १५७९ मध्ये आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेज्विटानं १६०८ मध्ये वरिष्ठांना पत्र लिहून इथल्या लिपीत छापायची परवानगी मागितली. अडचण त्यानंच सांगितली: ही अक्षरं जोडाक्षरांची, साचे सुमारे ६०० लागतील, पण काटछाट करून २०० वर आणता येतील. ज्यानं एक नवा पॅटर्न बनवून घेताना खर्चाचा हिशोब केलाय त्याला हे पत्र वाचून राहवणार नाही. माणसानं सगळं गणित मांडून दिलं होतं. तरी १६१६ मध्ये त्याचं मराठी ‘क्रिस्तपुराण’ रायतूरला छापलं गेलं ते रोमन लिपीत. ते देवनागरीत यायला १९५६ साल उजाडलं, पुण्यात, शांताराम बंडेलूंच्या हातून. छापखाना उतरल्यापासून मोजा: ४०० वर्षं.

अ. का. प्रियोळकरांनी भारतातल्या छपाईचा इतिहास १९५८ मध्ये ग्रंथरूपानं मांडला, त्यातही लिपीची ही रखडपट्टी आहे. आपण त्यातून तारीख तेवढी उचलली. ‘पहिला’ हा शब्द मिळाला की आपलं वाचन थांबतं, ही माझी खरी तक्रार आहे, आणि ती माझ्यावरही लागू आहे. मंडळात पहिल्यांदा बोलायला उभा राहिलो तेव्हा मीही तीच तारीख ठोकून टाळ्या घेतल्या होत्या.

म्हणून पुढच्या सहलीच्या पत्रकासाठी एक सूचना. कमानीखाली १५५६ जरूर लिहा. पण त्याआधी १५४१ लिहा आणि पैसा कुठला होता ते लिहा. १५५२ लिहा आणि मुलं परत कशी आली ते लिहा. पत्रक दोन ओळींनी वाढेल. कमान आहे तेवढीच राहील, पण बघणारा तिच्यातून आत तरी डोकावेल.