गरीब बापाची बाजू

'रिच डॅड पुअर डॅड' हे पुस्तक दुकानात कुठल्या पाटीखाली ठेवलेलं असतं ते एकदा बघा. व्यक्तिमत्त्व विकास, नाहीतर गुंतवणूक. स्पर्धा परीक्षांच्या गाइडांना खेटून, शेअर बाजार शिकवणाऱ्या पुस्तकांच्या वर. ज्यांनी ते वाचलेलं नाही त्यांनाही रील्समधून त्याचा साठ सेकंदांचा अर्क मिळालेला असतो. अॅसेट विकत घ्या, लायबिलिटी नको, नोकरी म्हणजे उंदरांची शर्यत. या पुस्तकाकडे पैशाचं पुस्तक म्हणून सगळे बघतात. मला ते राजकीय पुस्तक वाटतं, आणि मी ते तसंच वाचणार आहे.

आधी त्याचं श्रेय त्याला देऊ. रॉबर्ट कियोसाकी आणि शेरॉन लेक्टर यांनी हे पुस्तक १९९७ साली स्वतःच छापलं आणि पुढे ते जगभर कोट्यवधी लोकांनी वाचलं. मराठी वाचकाला ते का भिडतं हे समजणं अवघड नाही. आपल्या घरांत पैशावर भांडण होतं, बोलणं होत नाही. वडिलांचा पगार किती, कर्ज किती, हे मुलाला कळतं ते थेट एज्युकेशन लोनच्या फॉर्मवर. अशा घरातून पहिला पगार घेणाऱ्या मुलामुलींना कुणीतरी न लाजता सांगतं, की बाबांनो, खिशात पैसे आणणारी वस्तू वेगळी आणि खिशातून काढणारी वेगळी. हप्त्यावर घेतलेली गाडी दुसऱ्या प्रकारात मोडते. एवढं शहाणपण दोनशे रुपयांत मिळत असेल तर ते स्वस्तच म्हणायचं.

पण पुस्तकाच्या अगदी सुरुवातीला दोन बापांची जी जुगलबंदी आहे, तिच्यात एक जोडी पटकन निसटून जाते. गरीब बाप म्हणतो, श्रीमंतांनी जास्त कर भरावा, म्हणजे ज्यांच्या वाट्याला कमी आलं त्यांची काळजी घेता येईल. श्रीमंत बाप म्हणतो, कर म्हणजे कमावणाऱ्याला शिक्षा आणि न कमावणाऱ्याला बक्षीस. जगातल्या निम्म्या निवडणुका या एका भांडणावर लढल्या जातात. या पुस्तकात मात्र तो वाद लढवलाच जात नाही. दोघांचं एकेक वाक्य देऊन लेखक पुढे जातो आणि नंतर एवढंच सांगतो, की एक बाप मरताना बिलं ठेवून गेला आणि दुसरा कोट्यवधी डॉलर. झाला निकाल! संपत्तीच्या वाटपाबद्दलचं मत बरोबर की चूक हे मत मांडणाऱ्याच्या बँक बॅलन्सवरून ठरलं. कादंबरीकाराने असं केलं असतं तर आपण म्हटलं असतं, की पात्राला न्याय दिला नाही. गरीब बाप या पुस्तकात तोंड उघडतो तो खोडून काढला जाण्यासाठीच.

आता कॉमिक्सच्या लायब्ररीकडे येऊ. सगळं पुस्तक या गोष्टीवर उभं आहे आणि ती गोष्ट खरंच गोड आहे.

हवाई, १९५६. नऊ वर्षांचा रॉबर्ट आणि त्याचा मित्र माइक, माइकच्या वडिलांच्या छोट्या दुकानात तासाला दहा सेंटवर डबे पुसतात. पगारवाढ मागितल्यावर श्रीमंत बाप उलट म्हणतो, आता फुकट काम करा, म्हणजे पैशाच्या संधी दिसायला लागतील. मुलं फुकट राबतात आणि संधी दिसते. दुकानात न खपलेल्या कॉमिक्सचं मुखपृष्ठ फाडून बाकीचं टाकून देत असतात. पोरं वितरकाला विचारतात. तो म्हणतो, घ्या, फक्त विकू नका. मग माइकच्या घराच्या तळघरातल्या रिकाम्या खोलीत वाचनालय सुरू होतं. शाळा सुटल्यावर दोन तास, प्रवेश फी दहा सेंट. आठवड्याला सरासरी ९.५० डॉलर जमायला लागतात. बघा, म्हणे, पैसा तुमच्यासाठी कसा राबतो!

खरंच पैसा राबतोय का इथे? कॉमिक्स फुकट मिळालीत, कारण दुकान मित्राच्या वडिलांचं आहे. जागा फुकट, कारण घर मित्राच्या वडिलांचं आहे. आणि रोज दुपारी दारात बसून फी गोळा करणारी, पुस्तकं सांभाळणारी एक व्यक्ती आहे, माइकची धाकटी बहीण. तिला आठवड्याला १ डॉलर, शिवाय हवी तेवढी कॉमिक्स वाचायची मुभा. पुढे एके दिवशी दांडगट पोरं येऊन मारामारी करतात आणि वाचनालय बंद पडतं. पुस्तक म्हणतं, या सगळ्यातून दोघा मुलांनी मोठा धडा घेतला. बहिणीने कुठला धडा घेतला, हे विचारायचं कुणाला सुचलेलं नाही. तिला साधं नावही दिलेलं नाही.

मी इथे कष्टाची किंवा कल्पकतेची टिंगल करत नाहीये. टाकून दिलेल्या कागदात धंदा दिसायला डोकं लागतंच. पण वैयक्तिक जबाबदारीची जी आदर्श कथा म्हणून आपल्यापुढे ठेवली जाते, तिच्यातलं भांडवल वडिलांच्या ओळखीचं आहे आणि श्रम घरच्या मुलीचे आहेत. हे दोन्ही हिशेबाच्या वहीत धरले नाहीत की मग उरलेलं सगळं आपल्याच कर्तृत्वाचं वाटू शकतं. तो माइकही पुढे वडिलांचंच साम्राज्य सांभाळतो. वारसा हा शब्द पुस्तकात कधी दोष म्हणून येत नाही. सरकारी मदत तेवढी सवय बिघडवते.

आणि सरकारी किंवा सार्वजनिक मदत या कथेत थोडीथोडकी नाही. गरीब बाप स्टॅनफर्ड, शिकागो, नॉर्थवेस्टर्न अशा विद्यापीठांत शिकला तो शिष्यवृत्त्यांवर, हे पुस्तकच सांगतं. खुद्द रॉबर्ट शिकला न्यूयॉर्कजवळच्या किंग्ज पॉइंटच्या मर्चंट मरीन अकादमीत. ती संघराज्य सरकारची संस्था आहे आणि तिथे शिकवणीची फी घेत नाहीत. पुढे तो मरीन कोअरमध्ये वैमानिक झाला. हेलिकॉप्टर उडवायला त्याला अमेरिकन करदात्याने शिकवलं. म्हणजे गरीब बापाचं करांबद्दलचं वाक्य ज्याने प्रत्यक्ष वापरलं, तोच ते खोडणारं पुस्तक लिहितो आहे.

करांवरचं प्रकरण सगळ्यात कच्चं आहे. तिथे श्रीमंत बाप इतिहास सांगतो. रॉबिन हूडच्या कल्पनेला भुलून गरिबांनी आणि मध्यमवर्गाने श्रीमंतांवर कर बसवला, आणि शेवटी तो त्यांच्याच मानेवर बसला. ऐकायला छान आहे, पोएटिक जस्टिस वगैरे. अमेरिकेत १९१३ साली आयकर आला तेव्हा ३,००० डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर १ टक्का आणि अगदी वरच्या थराला ७ टक्के असा दर होता, आणि सामान्य नोकरदार त्यात जवळपास येतच नव्हता. तो आला दुसऱ्या महायुद्धात. सैन्याला पैसा हवा होता म्हणून करमर्यादा खाली ओढली गेली आणि १९४३ पासून पगारातूनच कर कापून घ्यायला सुरुवात झाली. मत्सर हे त्याचं कारण नव्हतं, युद्ध होतं. इतिहासातली ही गोष्ट गाळली की मग कर म्हणजे आळशी लोकांनी कष्टाळूंवर केलेला कट, एवढंच उरतं.

मला सगळ्यात जास्त रस वाटला तो पुस्तकाबाहेरच्या गरीब बापात. राल्फ कियोसाकी हे हवाईच्या शिक्षण खात्यातले बडे अधिकारी. १९७० साली ते लेफ्टनंट गव्हर्नरपदाच्या निवडणुकीला उभे राहिले आणि हरले. कोणत्या पक्षातर्फे? रिपब्लिकन. कर कमी करा म्हणणाऱ्यांचा पक्ष अशी ज्याची आज ओळख, त्याच्या तिकिटावर. ज्या माणसाला पुस्तकाने सरकारी नोकरी, पेन्शन आणि पुनर्वाटपाचं बुजगावणं करून टाकलं, तो प्रत्यक्षात कितीतरी गुंतागुंतीचा दिसतो. असा माणूस नऊ वर्षांच्या मुलाला करांबद्दल नेमकं काय आणि का म्हणाला असेल, हे मला वाचायला आवडलं असतं.

हे पुस्तक इथल्या वाचकाने वाचताना एक प्रश्न आपोआप येतो. मदत आणि जबाबदारी यांत एकच निवडायचं, असं खरंच असतं का? लाडक्या बहिणीच्या १,५०० रुपयांवरून घराघरांत जे वाद झाले, ते याच दोन बापांच्या आवाजात झाले. एकजण म्हणणार फुकटची सवय, दुसरा म्हणणार हक्क. निवडणुकीच्या तोंडावर हप्ते सुरू होतात तेव्हा श्रीमंत बापाची शंका मलाही पटते.

पण महाराष्ट्राकडे त्याहून जुना आणि जास्त विचार करून केलेला एक प्रयत्न आहे. वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला करून पाहिलेली कल्पना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर वापरली गेली आणि १९७७ साली तिचा रोजगार हमी कायदा झाला. मागेल त्याला काम. पंधरा दिवसांत काम द्यायचं, नाहीतर भत्ता. काम कसलं, तर खडी फोडायची, नालाबांध घालायचा, पाझर तलाव खोदायचा. भर उन्हात. ज्याला दुसरं काही मिळतंय तो तिकडे फिरकणारच नाही, म्हणून गरिबीचा दाखला मागायची गरज नाही. पैसा कुठून आणला? १९७५ साली शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवला आणि राज्याने त्यात आपली भर घातली. तुमच्या पगाराच्या स्लिपवर पीटी म्हणून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात ना, त्याचं मूळ तिथे आहे.

श्रीमंत बापाला हे दाखवलं असतं तर त्याने खोट्या मस्टरांकडे बोट दाखवलं असतं, मेलेल्या माणसांच्या नावावर उचललेल्या मजुरीकडे, दोन पावसाळ्यांत वाहून गेलेल्या बांधांकडे. ते सगळं झालेलं आहे आणि त्याबद्दल त्याने हवं तेवढं बोलावं. फक्त न कमावणाऱ्याला बक्षीस हे त्याचं वाक्य त्या बांधावर घमेलं उचलणाऱ्या बाईला कसं लावायचं, तेवढं त्याने मला समजावून द्यावं. तिथे जाण्याआधी त्याने घरच्या तळघरात दारात बसलेल्या आपल्याच मुलीचा हिशेब केला तरी चालेल.