आबे फारिया व सूचनेचा सिद्धांत : एक परीक्षण

कांदोळीच्या आबे फारियांविषयीं आपल्याकडे जें लिहिलें जातें, त्यांत कौतुक पुष्कळ व ग्रंथाचें परिशीलन थोडें आढळतें. आमच्या हुपरीस चांदीचा कस पाहिल्यावांचून तिचें मोल कोणी करीत नाहीं. तोच न्याय येथें लावण्याचा आमचा हेतु आहे.

जोझे कुस्तोदियु द फारिया यांचा जन्म बारदेशांत ३१ मे १७५६ रोजीं झाला. १७७१ सालीं ते वडिलांबरोबर पोर्तुगालास गेले, रोम येथें शिकले व धर्मगुरु झाले. १८१३ सालीं त्यांनीं पॅरिस येथें निद्राप्रयोगांचीं जाहीर व्याख्यानें आरंभिलीं. ‘सजग निद्रेच्या कारणाविषयीं’ अशा अर्थाच्या नांवाचा त्यांचा फ्रेंच ग्रंथ १८१९ सालीं निघाला, आणि त्याच वर्षीं २० सप्टेंबरास ते वारले. छापला गेला तो पहिला खंड. पुढील खंड प्रसिद्ध झालेच नाहींत.

त्यांच्यापूर्वीं मेस्मर हे वैद्य एक चुंबकीय द्रव मानीत, व तो आपण रोग्याच्या देहांत खेळवितों असें म्हणत. १७८४ सालीं फ्रान्सच्या राजानें नेमलेल्या मंडळानें, ज्यांत फ्रँकलिन व लाव्हाझिए होते, द्रव नाहीं, परिणाम केवळ कल्पनेचे, असा निर्णय दिला. मंडळानें ‘कल्पना’ म्हणून जें बाजूस सारलें, तेंच फारियांनीं अभ्यासाचा विषय केलें. माणसास आसनावर बसवावें, डोळे मिटून निद्रेचें चिंतन करावयास सांगावें, आणि मग ‘झोपा’ अशी आज्ञा करावी, ही त्यांची रीत. निद्रेचें कारण निजणाऱ्याच्या ठायींच आहे, प्रयोग करणारापाशीं विशेष शक्ति नाहीं, हें त्यांचें प्रतिपादन. पुढें नान्सी येथें लिएबो व बर्नहाइम यांनीं सूचनेवर उपचारपद्धति उभारली, आणि बर्नहाइम यांनीं अग्रमान फारियांस दिला.

आतां गौरवकारांचे दोष पाहूं. मुखपृष्ठावर फारिया स्वतःस ब्राह्मण म्हणवितात, तेवढ्यावरून त्यांचा सिद्धांत योगशास्त्रांतून आला असें कित्येक लिहितात. पंधराव्या वर्षाच्या सुमारास गोवें सोडून रोमला शिकलेल्या मुलानें योगाचा अभ्यास कोठें केला, यास कागद पाहिजे. त्यांची ‘एकाग्रता’ आणि पतंजलींची ‘धारणा’ यांत साम्य आहे खरें; पण साम्य म्हणजे वंशावळ नव्हे. दुसरा दोष याच्या उलट. त्यांस सर्वस्वीं आधुनिक ठरविण्यासाठीं निद्रेची पात्रता रक्ताच्या पातळपणावर ठेवणारें त्यांचें मत कित्येक गाळतात. अडचणीचें पान फाडून उरलेल्या पोथीस शुद्ध प्रत म्हणण्यासारखेंच हें झालें.

तिसरा दोष सर्वांत खोल आहे. पणजीस १९४५ सालीं उभारलेला, शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांचा पुतळा निद्रावश स्त्रीवर हात पसरलेले फारिया दाखवितो. शिल्प उत्तम, परंतु पाहणारास वाटतें कीं, शक्ति हातांतून वाहते. फारिया प्रसंगीं तळहाताकडे टक लावावयास सांगत, तें केवळ चित्त स्थिरावें म्हणून. आपला ‘संमोहन’ शब्दही तसाच. ‘मुह्’ धातूपासून झालेल्या या शब्दानें एकानें दुसऱ्यास मोहांत पाडल्याचा बोध होतो, आणि जें कर्तृत्व फारियांनीं प्रयोग करणाराकडून काढून घेतलें, तें त्यास परत मिळतें. त्यापेक्षां आलंकारिकांचा ध्वनिविचार येथें जवळचा वाटतो. व्यंग्यार्थ सहृदयावांचून उमटत नाहीं, तशी सूचनाही घेणाऱ्याच्या सिद्धतेवांचून फळत नाहीं. म्हणून ‘सूचन’ हाच शब्द आम्ही ग्राह्य धरतों. हा वाद केवळ शब्दाचा नव्हे. बरें होण्याचें बीज आपल्यांत आहे हें ज्या रोग्यास उमगलें, तो कोणाच्या नजरेचा दास होत नाहीं.

गोव्यांतील जुन्या घराण्यांच्या दप्तरांत फारिया पितापुत्रांचे कागद कोणा संग्राहकास आढळल्यास त्यांनीं ते मुळाबरहुकूम, कांहीं न गाळतां प्रसिद्ध करावे, एवढी विनंति आहे.