‘महारोग’ या शब्दाविषयी

लेवीय 13 व 14 या अध्यायांतील ‘त्साराअथ’ या इब्री शब्दास आपल्या मराठी शास्त्रपरंपरेत ‘महारोग’, ‘कुष्ठरोग’ असे प्रतिशब्द मिळाले. भाषांतरकारांचे श्रम वंदनीयच; तथापि हे शब्द येथे बसत नाहीत, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्साराअथ लोकरीच्या वस्त्रावर पडतो, घराच्या भिंतीत हिरवट-तांबूस खळगे करतो. आणि पांढरेपणाने सर्वांग व्यापले तर याजक त्या मनुष्यास उलट शुद्ध ठरवितो (13:13). हान्सेन यांनी 1873 साली नॉर्वेत ज्या रोगाचे जंतू ओळखले, त्याचे हे वर्णन नव्हे. ग्रीक भाषांतरातील ‘लेप्रा’ही त्या काळच्या वैद्यांच्या लेखी खवल्यांचा त्वचाविकार होता.

नवल असे की, चरकाचा ‘कुष्ठ’ असाच व्यापक होता. त्याने 18 प्रकार सांगितले. पुढे शब्दाचा अर्थ आकसला, आणि विधीतील अशुद्धतेचा सारा भार एकाच रोगाच्या माथी आला. आपल्या घटस्फोटाच्या कायद्यात हा रोग 2001 साली कारण म्हणून घातला गेला व 2019 साली वगळला गेला. बहुविध औषधोपचाराची शिफारस तर 1981 पासूनची आहे!

कमठाण्यासारख्या सीमेवरील गावी मत्तय 8 वाचताना बरा झालेला रोगी समोरच बसलेला असावयाचा. मूळ वचनात प्रभू त्यास ‘शुद्ध’ करतो, हेही ध्यानी घ्यावे. उपदेशकांनी तूर्त ‘अशुद्ध ठरविणारा त्वचादोष’ म्हणावे. वस्त्राभिंतींच्या वचनांत मात्र ‘बुरशी’च बरी.