विज्ञानाचे तासिका-अध्यापक आणि त्यांची अध्यापनाभिरुची

‘तासिका तत्त्व’ हा शब्दप्रयोग महाराष्ट्रातील महाविद्यालयांच्या परिभाषेत इतका रुळला आहे की, त्यातील विसंगती आता कोणास जाणवतही नाही. घड्याळाचा काटा किती फिरला एवढ्यावरून अध्यापकाचे मानधन ठरवावयाचे, हा हिशेबाचा एक प्रकार झाला. त्यास तत्त्व म्हणण्याजोगे त्यात काय आहे, हे सांगणे कठीण आहे. शब्दाचा हा वाद एरवी आम्ही उपस्थित केला नसता. परंतु ह्या अंशकालीन अध्यापकांच्या ‘अध्यापनाभिरुची’चे मापन हा शिक्षणशास्त्राच्या संशोधकांस आता एक सोयीचा विषय वाटू लागला आहे, आणि त्या मापनाची पद्धती तपासून पाहणे अगत्याचे झाले आहे. येथे केवळ विज्ञानशाखेचा विचार केला आहे. त्याचे कारण पुढे येईल.

अभिरुची मोजण्याची जी साधने आपल्याकडे वापरली जातात, त्यांचा मूळ वंश अमेरिकन आहे. स्ट्राँग ह्यांची व्यवसायाभिरुची-सूची १९२७ साली प्रसिद्ध झाली. लिकर्ट ह्यांची श्रेणीपद्धती १९३२ सालची. ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंतच्या पाच घरांत खूण करावयाची, खुणांची बेरीज करावयाची आणि त्या बेरजेस रुची अथवा अभिवृत्ती असे नाव द्यावयाचे, ही रीत त्या काळापासून चालत आलेली आहे. स्वतः स्ट्राँग ह्यांनी जे केले ते ह्याहून सूक्ष्म होते. एखाद्या व्यवसायात स्थिरावलेल्या माणसांच्या आवडीनिवडी इतरांच्या आवडीनिवडींपासून कोठे वेगळ्या पडतात, हे त्यांनी पाहिले, आणि तो वेगळेपणा हाच त्यांनी मोजमापाचा आधार मानला. म्हणजे त्या साधनाच्या मुळाशीच स्थिरावलेला मनुष्य गृहीत धरलेला आहे. ज्याची नेमणूक एका शैक्षणिक वर्षापुरती असते, जो पुढील वर्षी पुन्हा मुलाखतीस उभा राहतो आणि ज्याचे तास कार्यभाराच्या घटबढीबरोबर कमीजास्त होतात, त्यास हे माप लावणे म्हणजे वाहत्या पाण्याची खोली काठावर बसून सांगण्यासारखे आहे.

दुसरा दोष व्यवहारातला आहे, पण तो लहान नव्हे. अशा प्रश्नावल्या बहुधा प्राचार्यांच्या अगर विभागप्रमुखांच्या हस्ते वाटल्या जातात व त्यांच्याच हस्ते परत येतात. ‘मला अध्यापनात मनापासून आनंद वाटतो’ ह्या विधानापुढे, पुढील वर्षाच्या नेमणुकीची वाट पाहणारा अध्यापक ‘असहमत’ अशी खूण करील, असे मानणारा संशोधक फारच भाबडा म्हटला पाहिजे. मग बेरीज मोठी येते. बेरीज मोठी आली की ‘अंशकालीन अध्यापकांची अध्यापनाभिरुची उच्च प्रतीची आहे’ असा निष्कर्ष निघतो, आणि तो निष्कर्ष व्यवस्थेच्या पथ्यावर पडतो. रुची जर शाबूत आहे, तर नेमणुका नियमित करण्याची घाई कशास, असे कोणी उघड बोलत नाही. पण कागदावर तो अर्थ उमटून राहतो.

आता विज्ञानाकडे वळू. बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद हे उदाहरण आम्ही मुद्दाम घेतो. उत्तरेस सातपुड्याच्या रांगा, दक्षिणेस पूर्णेचे खोरे, अशा भूभागात हे तालुक्याचे गाव आहे. पूर्णेच्या ह्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरला आहे. जळगाव जामोद व संग्रामपूर ह्या तालुक्यांतील विहिरींचे खारे पाणी आणि त्या भागात आढळणारे मूत्रपिंडाचे विकार ह्यांची चर्चा गेली कित्येक वर्षे चालू आहे. रसायनशास्त्राच्या अध्यापकास ह्याहून अधिक जिवंत विषय कोणता मिळणार? पदवीच्या प्रात्यक्षिकांत पाण्याचा दुष्फेनपणा मोजण्याचा प्रयोग असतोच. बफर घालून पाणी अल्कधर्मी करावयाचे, एरिओक्रोम ब्लॅक टी हा दर्शक टाकला की ते मद्यवर्णी लाल होते, आणि ब्युरेटमधून ईडीटीए सोडत गेले की एका थेंबासरशी निळे पडते. शेजारीच सिल्व्हर नायट्रेटने क्लोराइड मोजण्याचा प्रयोग असतो; तेथे पोटॅशियम क्रोमेटमुळे अखेरीस विटकरी छटा येते. हे दोन्ही प्रयोग एकाच विहिरीच्या पाण्यावर केले, तर विद्यार्थ्यास एक गोष्ट आपोआप कळते : खारेपणा आणि दुष्फेनपणा ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही व साबणास फेस येत नाही, तेच पाणी जिभेवर सर्वांत खारट लागेल असे नव्हे. घरी आई ज्या पाण्यास नावे ठेवते त्याचे रसायन त्यास असे हाती लागते.

परंतु हा प्रयोग असा करावयाचा तर अध्यापकाने आदल्या दिवशी चारदोन गावांचे नमुने आणावयास हवेत, बाटल्यांवर विहिरीचे नाव व तारीख घालावयास हवी, द्रावणांची तीव्रता पुन्हा ताडून पाहावयास हवी आणि हिवाळ्यातील आकडे उन्हाळ्यातील आकड्यांशी जुळवावयास हवेत. ह्यांपैकी एकही काम तासिकेत बसत नाही. म्हणून प्रयोगशाळेतच लवण विरघळवून ‘नमुना’ तयार होतो, सर्व तुकड्यांस तोच दिला जातो आणि अपेक्षित उत्तर वह्यांत आधीच लिहिलेले असते. ह्यात अध्यापकाची रुची कमी आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याची रुची जेथे प्रकट व्हावयाची ते कामच मोजणीच्या बाहेर राहिले आहे.

मोजणीतील ही विषमता विज्ञानशाखेस विशेष बाधते. श्रेयांकपद्धतीत व्याख्यानाचा एक तास आणि प्रात्यक्षिकाचे दोन तास समान मानले जातात. पैशाच्या हिशेबातही तोच भेद आहे. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली तासिकांचे दर ठरविले व २०२२ साली ते वाढवून पदवीवर्गाच्या व्याख्यानास तासाला ९०० रुपये केले. दोन्ही वेळा प्रात्यक्षिकाच्या तासाचा दर त्याहून पुष्कळ खाली ठेवण्यात आला. मराठीचा अथवा इतिहासाचा अध्यापक आपली सर्व विद्या व्याख्यानात ओतू शकतो. विज्ञानाच्या अध्यापकाची निम्मी विद्या हातांत असते, आणि तीच स्वस्त ठरविली गेली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८च्या विनियमांत कंत्राटी अध्यापकांचे प्रमाण एकूण पदांच्या १० टक्क्यांपलीकडे जाऊ नये असे म्हटले आणि २०१९ साली अतिथी-अध्यापकांस प्रतितास १५०० रुपयांपर्यंत, महिन्यास ५०,००० रुपयांच्या मर्यादेत, मानधन सुचविले. हे आकडे तालुक्याच्या गावी वाचून दाखविले तर तासिका-अध्यापक काय म्हणेल, ते लिहिण्याची गरज नाही.

वनस्पतिशास्त्राची अडचण ऋतूची आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी सृष्टीच वनस्पतिसंग्रह मांडून बसलेली असते; पण तेरडा आणि कळलावी पावसाळ्यातच फुलतात, आणि तासिका-अध्यापकांच्या नेमणुकांचे कागद हातात पडेपर्यंत पावसाळा पुष्कळदा सरत आलेला असतो. पळस फुलतो तेव्हा परीक्षांचे दिवस जवळ आलेले असतात. संग्रह वाढावयाचा तर तोच मनुष्य तीनचार पावसाळे त्याच वाटेने गेला पाहिजे.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो बळकट आहे. अल्प वेतनावर उत्कट अध्यापन करणाऱ्यांची परंपरा महाराष्ट्रात नाही काय? १८८४ साली स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य महिना ७५ रुपयांवर वीस वर्षे सेवा करण्याचे व्रत घेत असत. गोपाळ कृष्ण गोखले त्यांपैकीच एक. खरे आहे. पण त्या व्रतातील ७५ हा आकडा जितका लक्षात राहतो, तितका वीस हा आकडा राहत नाही. त्या अध्यापकांस संस्था आपली वाटे, कारण तिच्या कारभारात त्यांचा हात होता. त्यांनी संपत्ती सोडली होती, उद्याची खात्री सोडली नव्हती. तासिका-अध्यापकाच्या वाट्यास नेमके उलट येते, आणि तरीही त्यास ह्या पूर्वजांचा दाखला दिला जातो!

अंशकालीनत्व हे स्वतःच दूषण आहे, असेही आमचे म्हणणे नाही. विधी महाविद्यालयात वकिली करणारा मनुष्य सायंकाळी शिकवतो, तेव्हा तो न्यायालय वर्गात घेऊन येतो. त्याचा उरलेला दिवस त्याच्या अध्यापनास पोसतो. जळगाव जामोदसारख्या गावी भौतिकशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीधरास, राज्य पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊनही, उरलेल्या दिवसात काय मिळते? बहुधा प्रवेशपरीक्षांचा शिकवणीवर्ग, नाहीतर घरची शेती. शिकवणीवर्गात चार पर्यायांतून एक उत्तर चटकन हेरण्याचे कसब शिकवावे लागते, आणि पैसा अधिक तेथेच मिळतो. सकाळी ज्याने ते कसब शिकविले त्याने दुपारी विद्यार्थ्यांस लंबकाची आंदोलने शांतपणे मोजावयास लावावी, ही अपेक्षा रास्त आहे. पण दिवसाच्या दोन भागांची ओढ दोन दिशांस आहे, हे प्रश्नावलीत कोठेच उमटत नाही.

जॉन ड्यूई ह्यांनी १९१३ साली ‘रुची आणि प्रयत्न’ ह्या विषयावर जे छोटे पुस्तक लिहिले, त्यातील मुख्य विचार असा की, रुची ही मनात साठवून ठेवलेली वस्तू नसून कृतीच्या ओघात मनुष्य आणि त्याचा विषय ह्यांची जी एकरूपता घडते तिचे ते नाव आहे. हा विचार मान्य केला तर संशोधकाने कृतीचे विचारले पाहिजे. गेल्या वर्षीच्या प्रात्यक्षिकांपैकी कोणते आपण बदलले? दुष्फेनपणाच्या प्रयोगातील पाणी कोणत्या विहिरीचे होते? नमुना आणावयास गेलात त्या दिवसाची नोंद कोठे झाली? आपण लावलेली यंत्रजुळणी पुढील वर्षी कोणाच्या हाती जाईल? २०२४च्या डिसेंबरात व २०२५च्या जानेवारीत पूर्णेपलीकडील शेगाव तालुक्याच्या काही गावांत माणसांचे केस एकाएकी गळू लागले; प्रथम संशय पाण्यावरच गेला आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथक तेथे आले. त्या आठवड्यात परिसरातील किती महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत त्या पाण्याची एक तरी बाटली उघडली गेली, आणि नसल्यास का नाही, हे तासिका-अध्यापकांस समोर बसवून विचारता येण्याजोगे आहे. असे प्रबंध लिहावयास वेळ लागेल, प्रवास करावा लागेल आणि संख्याशास्त्राची कोष्टके थोडी कमी भरतील. मार्गदर्शकांनी त्यास हरकत घेऊ नये.